दम आणि ताकद मोजणारा माणूस

आधी एक किलोमीटर धावायचे, मग वजन लादलेली, चाके नसलेली गाडी रेटत न्यायची. पुन्हा एक किलोमीटर धावायचे, मग तीच गाडी दोराने आपल्याकडे ओढायची. नंतर कधी दोन्ही हातांत वजने घेऊन चालायचे, कधी खांद्यावर वाळूची पिशवी घेऊन गुडघे टेकत पुढे जायचे आणि अगदी शेवटी जड चेंडू शंभर वेळा भिंतीवर उंच फेकायचा. आठ किलोमीटर धाव आणि मध्येमध्ये आठ अवजड कामे. हायरॉक्स नावाची ही स्पर्धा जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये सुरू झाली आणि मे २०२५ मध्ये मुंबईत ती भारतात पहिल्यांदा भरली. तेव्हापासून जिममध्ये ‘हायब्रिड’ हा शब्द रोज कानावर पडू लागला आहे.

पैलवान वेगळा आणि लांब पल्ल्याचा धावपटू वेगळा, ही आपली जुनी समजूत. या स्पर्धेत दोघांनाही एकाच अंगात नांदावे लागते. ते कितपत जमते आणि कुठे अडते, याचे उत्तर शोधायला गेले की एका इंग्रज शास्त्रज्ञापाशी थांबावे लागते. दम म्हणजे काय आणि ताकद म्हणजे काय, या दोन्ही गोष्टी आकड्यांत मांडणारा तो माणूस म्हणजे आर्चिबाल्ड व्हिव्हियन हिल.

हिल यांचा जन्म २६ सप्टेंबर १८८६ रोजी ब्रिस्टलमध्ये झाला. ते लहान असतानाच वडील घर सोडून गेले. त्यांना आणि त्यांच्या बहिणीला आईने वाढवले. शिष्यवृत्तीवर मुलगा केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात पोहोचला आणि १९०७ मध्ये गणितात थर्ड रँग्लर झाला. रँग्लर परांजप्यांमुळे या पदवीचा दरारा मराठी वाचकाला वेगळा सांगायला नको. एवढे यश मिळूनही हिल यांचे मन गणितात रमेना. वॉल्टर फ्लेचर हे त्यांचे शिक्षक शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. त्यांनी या मुलाला आपल्या विषयाकडे वळवले. फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी नुकतेच दाखवून दिले होते की बेडकाचा स्नायू ऑक्सिजनशिवाय काम करू लागला की त्यात लॅक्टिक आम्ल साठते आणि ऑक्सिजन मिळाला की ते नाहीसे होते. स्नायू हे यंत्र असेल तर त्याचा हिशेब मांडता आला पाहिजे, हे या गणितज्ञाला पटले.

हिशेब मांडायचा तर आधी मोजमाप हवे. काम करताना स्नायू तापतो, पण किती? बेडकाचा स्नायू एकदा आखडला की त्याचे तापमान अंशाच्या साधारण तीन हजारांश इतके वाढते. एवढी सूक्ष्म ऊब मोजण्यासाठी हिल यांनी थर्मोपाइल आणि गॅल्व्हानोमीटर ही उपकरणे वर्षानुवर्षे सुधारत नेली. विल्यम हार्ट्री या गणितज्ञ मित्राबरोबर केलेल्या प्रयोगांतून एक अनपेक्षित गोष्ट हाती आली. स्नायू आखडताना जी उष्णता निघते, जवळजवळ तेवढीच उष्णता नंतरही निघते. काम संपलेले असते, स्नायू सैल पडलेला असतो, तरी आत भट्टी चालूच असते. ही नंतरची उष्णता ऑक्सिजन असेल तरच निघते. म्हणजे मेहनत आधी होते आणि तिचा ऑक्सिजनचा खर्च मागाहून भागवला जातो. याच कामासाठी त्यांना १९२२ चे नोबेल पारितोषिक जर्मनीच्या ओटो मायरहॉफ यांच्याबरोबर विभागून मिळाले.

त्याआधी पहिल्या महायुद्धात हिल यांची प्रयोगशाळा सुटली होती. विमानविरोधी तोफांचा नेम सुधारण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्यांनी जमवलेल्या गणितज्ञांच्या टोळीला लोक गमतीने हिलचे लुटारू म्हणत. युद्ध संपल्यावर १९२० मध्ये ते मँचेस्टरला प्राध्यापक झाले आणि बेडकाकडून माणसाकडे वळले. हा माणूस बहुतेक वेळा ते स्वतःच असत.

हिल यांना धावण्याचा शौक होता. पस्तिशी ओलांडलेले प्राध्यापक पाठीवर मोठी रबरी कापडाची पिशवी बांधून, तोंडात नळी धरून गवतावरच्या गोल मार्गावर फेऱ्या मारत. बाहेर टाकलेला श्वास पिशवीत जमा होई. मग त्याची तपासणी करून दर मिनिटाला शरीराने किती ऑक्सिजन वापरला ते काढले जाई. हार्टली लप्टन हे तरुण सहकारी बरोबर असत. वेग वाढवावा तसा ऑक्सिजनचा वापर वाढत गेला. हिल यांच्या बाबतीत तो मिनिटाला साधारण चार लिटरपर्यंत चढला आणि तिथेच अडला. त्यापुढे पाय आणखी वेगाने पळवता येत होते, पण ऑक्सिजनचा वापर वाढत नव्हता. १९२३ मध्ये हिल आणि लप्टन यांनी हे निष्कर्ष छापले. आज मनगटावरची घड्याळे व्हीओटू मॅक्स म्हणून जो आकडा दाखवतात, त्याचे मूळ इथे आहे. घड्याळ मात्र तो अंदाजाने सांगते. हिल यांनी तो पिशवीत भरून मोजला होता, हा फरक लक्षात ठेवलेला बरा.

ही मर्यादा कुठून येते? हिल यांचा कौल हृदयाच्या बाजूने होता. स्नायू मागतात तेवढे रक्त हृदय पुरवू शकत नाही, म्हणून वापर थांबतो. शंभर वर्षांच्या वादानंतर मोठ्या प्रमाणावर हेच मत टिकले आहे. हृदय फार कमजोर झालेल्या रुग्णाला हृदयरोपणाची गरज आहे का, हे ठरवताना आजही ही चाचणी करतात. शरीराच्या दर किलो वजनामागे मिनिटाला १२ ते १४ मिलिलिटरच्या खाली आकडा गेला तर तो गंभीर इशारा मानतात. लांब पल्ल्याच्या अव्वल धावपटूंमध्ये हाच आकडा ८० च्या घरात जातो. धावण्याच्या हौसेतून निघालेले माप असे रुग्णालयात पोहोचले.

मग ती मर्यादा ओलांडून माणूस पळतो तो कशाच्या बळावर? यासाठी हिल यांनी दिलेली कल्पना दुकानदारालाही कळेल अशी आहे. शरीराकडे रोखीचे उत्पन्न असते, म्हणजे दर मिनिटाला मिळणारा ऑक्सिजन. त्याहून जास्त खर्च झाला की उधारी चालू होते. ती धाव संपल्यावर धापा टाकत फेडावी लागते. शंभर मीटरची शर्यत जवळजवळ पूर्ण उधारीवर होते. मॅरेथॉन रोखीवर चालते. १९२५ मध्ये त्यांनी धावणे, पोहणे, सायकल अशा खेळांतले विक्रम आलेखावर मांडले. सुरुवातीला वेग कड्यावरून पडावा तसा उतरतो आणि काही मिनिटांच्या पुढे आलेख बराच सपाट होतो. कडा उधारीचा, सपाटी रोखीची.

हायब्रिड स्पर्धेत नेमके काय होते ते यावरून दिसते. गाडी रेटताना मांड्यांचे स्नायू इतके घट्ट आवळलेले असतात की त्यांच्यातून रक्तही नीट वाहत नाही. उधारी भराभर चढते. आणि ती फेडायला बसायची सोय नाही, कारण पुढचा किलोमीटर समोर उभा असतो. धावता धावता मागची उधारी फेडायची असते. ज्याचे रोखीचे उत्पन्न मोठे, त्याला ती लवकर फेडता येते. म्हणून अशा स्पर्धेत नुसत्या दंडाच्या जोरावर उतरलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतच चालायला लागतो.

अमेरिकेत १९२४ मध्ये एका व्याख्यानानंतर श्रोत्यांपैकी एकाने हिल यांना जरा रागानेच विचारले की खेळाडूंवरच्या या प्रयोगांचा उपयोग काय. उपयोग सांगण्याचा थोडा प्रयत्न करून हिल यांनी शेवटी कबूल केले की उपयोगापेक्षा गंमत वाटते म्हणून हे चालले आहे. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्राने तीच बातमी केली.

मात्र या इमारतीची एक भिंत कच्ची होती. लॅक्टिक आम्ल हाच स्नायूच्या आखडण्याचा कळीचा पदार्थ आणि उधारी म्हणजे मुख्यतः तेच आम्ल हटवण्याचा खर्च, असे हिल आणि मायरहॉफ धरून चालले होते. १९२७ च्या सुमारास क्रिएटिन फॉस्फेट हे स्नायूतले ऊर्जेचे साठवण सापडले. लंडनमध्ये हिल काम करत त्याच युनिव्हर्सिटी कॉलेजात एगल्टन पती-पत्नीला आणि अमेरिकेत फिस्के आणि आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांना. आज जिममधली मुले डब्यातून जे क्रिएटिन खातात त्याची कुळकथा ही. मग १९३० मध्ये डेन्मार्कच्या आयनर लुंड्सगार्ड यांनी एक विष देऊन स्नायूत लॅक्टिक आम्ल तयार होणेच बंद केले. तरीही स्नायू आखडत राहिला.

नोबेल मिळालेल्या माणसाला हे पचवणे सोपे नसते. हिल यांनी १९३२ मध्ये एक प्रदीर्घ लेख लिहिला आणि स्नायूच्या शास्त्रात क्रांती झाली आहे, जुने चित्र मोडले आहे, हे स्वतःच जाहीर केले. उधारी असते हे निरीक्षण खरे होते, तिचे कारण चुकीचे होते. गंमत अशी की हिल यांनी जे सोडले ते जिमने अजून सोडलेले नाही. व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी अंग आंबले की लॅक्टिक ॲसिड साठले असे शिक्षक सांगतात आणि ऐकणारा मान डोलावतो. प्रत्यक्षात व्यायाम थांबल्यावर तासा-दीड तासात ते बहुतांश निघून गेलेले असते. हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरतात. दुसऱ्या दिवशीचे दुखणे हे स्नायूच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेचे असते.

ही इजा कधी जास्त होते, याचे सुरेख प्रात्यक्षिक पुढे १९५२ च्या सुमारास हिल यांच्याच सहकाऱ्यांनी केले. दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या. एकाने पुढे पॅडल मारायचे, दुसऱ्याने ते नुसते रोखायचे. दोघांचे बळ सारखेच लागते, पण रोखणाऱ्याला ऑक्सिजन फार कमी लागतो. रॉयल सोसायटीत हा खेळ पाहुण्यांसमोर मांडला तेव्हा एका लहानखुऱ्या तरुणीने धिप्पाड पुरुषाला दमवून टाकले. ताणला जात असताना स्नायू स्वस्तात जास्त बळ देतो, पण इजाही तेव्हाच अधिक होते. उतारावर धावून आल्यावर किंवा वाळूची पिशवी घेऊन बसल्या-उठल्यावर दोन दिवस जिने उतरवत नाहीत, ते यामुळे.

ताकदीचे गणित हिल यांनी १९३८ मध्ये मांडले. १९२० च्या दशकात त्यांची कल्पना होती की स्नायू हा चिकट द्रवात बुडालेल्या स्प्रिंगसारखा असतो. वॉलेस फेन या अमेरिकन पाहुण्याने हिल यांच्याच प्रयोगशाळेत काढलेले निष्कर्ष या कल्पनेत बसत नव्हते. पंधराएक वर्षांनी अधिक चांगली उपकरणे हाती आल्यावर हिल यांनी पुन्हा बेडकाच्या स्नायूची ऊब मोजली आणि आपली जुनी कल्पना दुसऱ्यांदा मोडीत काढली. स्नायूवर जितके जास्त ओझे, तितका तो सावकाश आखडतो. हे नाते सरळ रेषेचे नाही, खोलगट वक्राचे आहे. ओझे इतके वाढवले की हलेचना, तर बळ सर्वाधिक आणि वेग शून्य. ओझेच नसेल तर वेग सर्वाधिक आणि बळ शून्य. मधे, साधारण जास्तीत जास्त बळाच्या एक तृतीयांशाच्या आसपास, स्नायू सर्वांत जास्त शक्ती देतो. सायकलचे गिअर बदलताना आपण नकळत हीच जागा शोधत असतो. हिल यांचे ते समीकरण आज कृत्रिम अवयव आणि चालण्याच्या संगणकीय प्रतिकृती बनवणारे अभियंते रोज वापरतात.

एकाच माणसाने दम आणि ताकद या दोन्हींची मापे दिली, पण दोन्ही एकत्र वाढवता येतात का हे त्यांनी तपासले नाही. ते काम त्यांच्या मागे, १९८० मध्ये, अमेरिकेत रॉबर्ट हिक्सन यांनी केले. दहा आठवडे एका गटाने फक्त वजने उचलली, दुसऱ्याने फक्त दमाचा व्यायाम केला, तिसऱ्याने दोन्ही. तिसऱ्या गटाचा दम दुसऱ्या गटाइतकाच वाढला. ताकद मात्र सात-आठ आठवडे वाढली, मग थांबली आणि शेवटी थोडी उतरली. दोन्ही व्यायाम एकमेकांच्या वाटेत येतात, हा धडा तेव्हापासून पाठ झाला. तो जरा जास्तच पाठ झाला असे म्हणायला हवे, कारण हिक्सन यांचा तिसरा गट आठवड्यात पाच दिवस वजने आणि सहा दिवस दमाचा व्यायाम करत होता. माफक प्रमाण ठेवले तर साध्या ताकदीला फारसा धक्का लागत नाही, उडी किंवा झटक्याची ताकद थोडी कमी वाढते, असे नंतरच्या अभ्यासांत दिसले. मधुमेह आणि रक्तदाबाच्या वयात पोहोचलेल्या माणसाला तर हा वाद परवडणाराच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मोठ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचा व्यायाम सांगितला आहे. एकाच्या बदल्यात दुसरा चालत नाही.

हिल प्रयोगशाळेत कोंडून घेणारे नव्हते. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये जर्मनीतून ज्यू प्राध्यापकांना हाकलायला सुरुवात झाली, तेव्हा ब्रिटनमध्ये त्यांना आसरा आणि काम मिळवून देणाऱ्या मंडळाच्या उभारणीत ते पुढे होते. नोबेलचे भागीदार मायरहॉफ यांनाही १९३८ मध्ये जर्मनी सोडावी लागली. लाइपझिगहून १९३५ मध्ये बर्नार्ड काट्झ नावाचा तरुण डॉक्टर जवळजवळ रिकाम्या हाताने हिल यांच्या दारात आला. हिल यांनी त्याला प्रयोगशाळेत जागा दिली. १९७० मध्ये या काट्झ यांना नोबेल मिळाले. हिल यांच्या प्रयोगशाळेत हात वर करून सलाम करणारे हिटलरचे एक खेळणे होते. जर्मनीने इतके चांगले शास्त्रज्ञ घालवून इंग्लंडला दिले, त्याबद्दलची ही कृतज्ञता, असे ते पाहुण्यांना सांगत.

दुसऱ्या महायुद्धात ते केंब्रिज विद्यापीठाचे खासदार होते. सरकारने त्यांना नोव्हेंबर १९४३ मध्ये भारतात पाठवले. बंगालचा दुष्काळ चालू होता. पाच महिने ते देशभरच्या प्रयोगशाळा, महाविद्यालये आणि रुग्णालये पाहत फिरले. १९४४ च्या त्यांच्या अहवालात संशोधन आणि उच्च वैद्यकीय शिक्षण एकत्र देणाऱ्या अखिल भारतीय वैद्यकीय केंद्राची सूचना आहे. अमेरिकेतले जॉन्स हॉपकिन्स त्यांच्या डोळ्यांसमोर होते. भोर समितीने १९४६ मध्ये अशीच शिफारस केली आणि १९५६ मध्ये दिल्लीत एम्स उभे राहिले.

भारतातल्या त्या पाच महिन्यांनी त्यांना एक प्रश्नही दिला, तो त्यांनी १९५२ मध्ये बेलफास्टच्या अध्यक्षीय भाषणात उघडपणे विचारला. औषधे आणि स्वच्छतेमुळे जीव वाचतील, लोकसंख्या वाढेल आणि अन्न पुरले नाही तर तीच माणसे उपासमारीने मरतील. मग डॉक्टरने काय करायचे? भाषण गाजले, त्यावर टीकाही झाली. हिल यांचा आलेखांवर विश्वास होता, पण हा आलेख त्यांना वाटला तसा चढला नाही. मुले जगू लागली, मुली शिकल्या, कुटुंबनियोजन घरोघरी पोहोचले तसा भारताचा जन्मदर उतरत गेला. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तो एका स्त्रीमागे दोन मुलांवर आला आहे.

प्रयोग त्यांनी निवृत्तीनंतरही सोडले नाहीत. १९५० मध्ये त्यांनी जीवरसायनशास्त्रज्ञांना जाहीर आव्हान दिले होते की जिवंत स्नायू आखडताना एटीपी खरोखर खर्च होते, हे एकदा दाखवून द्या. पुस्तकांत तसे सर्रास लिहिलेले होते, पुरावा मात्र नव्हता. तो मिळायला १९६२ उजाडले.

१९६७ मध्ये हिल केंब्रिजला राहायला गेले. पिशवी पाठीवर बांधून मँचेस्टरच्या गवतावर पळणाऱ्या या माणसाचे पाय तिथे हळूहळू निकामी झाले. ३ जून १९७७ रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी ते वारले. रॉयल सोसायटीसाठी त्यांचे चरित्र बर्नार्ड काट्झ यांनी लिहिले.